चंद्री पान्हा का चोरते? मुंबईतल्या एका तबेल्याचं प्रकरण

"डॉक्टर, हिचं रक्तच वाईट आहे. कासेत दूध आहे, पण सोडत नाही. वर लाथा." अण्णांचा फोन आला तेव्हा ऑगस्टचा पाऊस लागून राहिला होता. मला बोलावलं होतं ते कासेला दगडी, म्हणजे कासदाह, झाली आहे का, एवढंच बघायला. दगडी नसेल तर म्हैस दलालाला परत द्यायची, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. पुढे त्या एका म्हशीपायी मी त्या तबेल्यात पाच-सहा आठवडे ये-जा केली. माणसांची आणि म्हशींची नावं इथे बदलली आहेत.

तबेला गोरेगाव-जोगेश्वरी पट्ट्यातला, बेचाळीस म्हशींचा. अण्णा मूळचे जुन्नरकडचे, वडिलांपासूनचा धंदा. बहुतेक म्हशी मुऱ्हा जातीच्या, चार-पाच मेहसाणा. मुंबईच्या तबेल्याची रीत ठरलेली आहे: ताजी व्यालेली म्हैस हरियाणातून किंवा गुजरातेतून विकत आणायची, वेतभर दूध काढायचं आणि भाकड झाली की काढून टाकायची. जागा आणि चारा दोन्ही महाग, त्यामुळे दूध न देणाऱ्या जनावराला इथे खुंटा परवडत नाही. ही रीत या प्रकरणात पुढे फार महत्त्वाची ठरली.

चंद्री तिसऱ्या वेताची मुऱ्हा. हरियाणातून सुमारे चौदाशे किलोमीटर ट्रकमधून आलेल्या सहा म्हशींतली एक. दलालाकडे धार काढून दाखवली तेव्हा दोन्ही वेळचं मिळून तेरा लिटर दूध निघालं होतं. तबेल्यात पहिले काही दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी तिचं रेडकू मेलं. नर होतं. नर रेडकाच्या वाट्याला आपल्याकडे किती दूध येतं हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको, आणि ते मेलं याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते वाचवता आलं असतं. त्यानंतर चंद्रीचं दूध पाच लिटरवर आलं. धार काढणाऱ्या संतोषच्या मनगटावर लाथ बसली. मग मागचे पाय दोरीने बांधणं सुरू झालं आणि दोन्ही वेळा पान्ह्याचं इंजेक्शन.

पहाटे तीनची धार

मुंबईतल्या तबेल्यांत धारा मध्यरात्रीनंतर सुरू होतात, म्हणून मी तीनला पोचलो. पहिल्या दिवशी हात लावला नाही, नुसता बघत उभा राहिलो. जनावराच्या स्वभावाबद्दल बोलायचं तर आधी एक धार पूर्ण बघावी, असं मी नव्या पशुवैद्यांना नेहमी सांगतो. तपासणीसाठी धरलेलं जनावर वेगळंच वागतं.

चंद्रीचा खुंटा रांगेत शेवटचा. पलीकडे चार फुटांवर चारा कापायचं कुट्टीचं मशीन. फरशी ओली, शेणाने निसरडी. संतोष बादली घेऊन तिच्याकडे वळला तेव्हा तो अजून तीन म्हशी लांब होता, तरी चंद्रीचे कान मागे गेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला आणि तिने शेण टाकलं. तो जवळ आला तशी ती गव्हाणीकडे सरकली, मागचा पाय घसरला. मग दोरी, मग मानेत सुई, मग धार. तिला आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, मिळालं ते हे सगळं आटोपल्यावर.

शेजारच्या खुंट्याला मोगरी. त्याच ट्रकमधून आलेली, तिसऱ्याच वेताची. तेच मशीन, तीच फरशी, तोच माणूस. संतोषने कास धुतली, मोगरीने डोळे अर्धे मिटले आणि काही वेळाने सड भरले. ना सुई, ना दोरी.

अण्णा माझ्याकडे बघत होते. "सगळं सारखंच आहे ना दोघींचं? मग फरक कशाचा? रक्ताचाच."

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परिस्थिती एक ठेवून दोन जनावरांत फरक दिसला तर तो आतून आलेला असतो, हा विचार बरोबर आहे. चूक एका गृहीतात होती: परिस्थिती सारखी होती हे खरं नव्हतं. मोगरीची पारडी, म्हणजे मादी रेडकू, जिवंत होती. आणि चंद्रीची कास तपासली तेव्हा दगडी नव्हती, चाचणीत दूध स्वच्छ होतं. पण उजव्या मागच्या सडाच्या टोकाला बारीक चीर होती. वरून दिसत नव्हती, पिळलं की उघडत होती. कुठल्याही स्वभावाच्या म्हशीने लाथ मारली असती.

कासेत दूध असून येत नाही म्हणजे काय

गाईच्या कासेत दोन धारांच्या मधल्या काळात साठणाऱ्या दुधापैकी साधारण वीस टक्के खालच्या पोकळीत उतरलेलं असतं. ते नुसतं पिळलं तरी येतं. म्हशीत हे प्रमाण जेमतेम पाच टक्के. बाकी सगळं वर, बारीक दुग्धपिंडांत अडकलेलं. ते खाली यायला मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं आणि त्याने त्या पिंडांभोवतीचे स्नायू आवळावे लागतात. आपण ज्याला पान्हा म्हणतो तो हाच. म्हशीला त्यासाठी गाईपेक्षा जास्त वेळही लागतो, बरेचदा दोन मिनिटं, कधी त्याहून पुष्कळ जास्त. भीती किंवा वेदना असेल तर ऑक्सिटोसिन सुटणंच थांबतं, आणि सुटलेलं रक्तात काही मिनिटांहून जास्त टिकत नाही. म्हणजे म्हैस पान्हा "चोरते" हा शब्दच तिच्यावर अन्याय करणारा आहे. ती काही लपवून ठेवत नसते. तिच्या शरीरातली किल्ली फिरत नसते.

माणसाच्या भीतीचा दुधावर काय परिणाम होतो हे गाईंमध्ये मोजलेलं आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात गाईंना आधी एका माणसाकडून चांगली आणि दुसऱ्याकडून वाईट वागणूक दिली गेली. मग वाईट वागलेला माणूस धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिला, तरी कासेत उरून राहणारं दूध सत्तर टक्क्यांनी वाढलं. म्हशीत खालचा साठा जवळपास नसतोच, त्यामुळे तिचं नुकसान याहून मोठं होणार.

पान्ह्याचं इंजेक्शन म्हणजे हेच ऑक्सिटोसिन बाहेरून टोचणं. त्याबद्दल अण्णांशी मी स्पष्ट बोललो. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याचं बारावं कलम फुंका (जनावराच्या योनीत हवा फुंकून दूध उतरवणं) आणि दूध वाढवण्यासाठी दिलेल्या अपायकारक इंजेक्शनांबद्दल आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची, आणि जनावरही जप्त होऊ शकतं. पण कायद्यापेक्षा त्यांना पटली ती दुसरी गोष्ट. रोज सुई दिली की शरीराला तिची सवय होते, आपला आपण पान्हा सुटणं मंदावतं. आणि चंद्रीपुरतं सांगायचं तर संतोष जवळ येणं आणि मानेत सुई टोचणं या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एक झाल्या होत्या. आपणच तिला रोज दोनदा घाबरायला शिकवत होतो.

मग रक्ताचं काय?

चंद्रीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला होता. त्यावरून आधीच्या मालकाचा पत्ता लागला आणि फोनवर बोलणं झालं. त्यांच्या सांगण्यातून तीन गोष्टी कळल्या. चंद्रीची धार कायम घरातल्या बाईनेच काढली, पुरुषाने कधी नाही. चंद्रीची आईसुद्धा अशीच होती, एकाच हाताची, परकं माणूस आलं की दूध आटायचं. आणि मोगरी त्यांच्याच गावच्या शेजाऱ्याची. दोघींचा बाप एकच, गावाने पाळलेला रेडा.

ही माहिती तोंडी, पुरावा म्हणता येणार नाही. तरी ती धरून विचार करू. एकाच बापाच्या, वेगळ्या आयांच्या बहिणींत सरासरी पाव भाग आनुवंशिक वारसा सामाईक असतो. त्यामुळे त्या दोघी स्वभावाने वेगळ्या निघाल्या यात नवल काही नाही. आई तशी होती म्हणून मुलगी तशी झाली, हेही शक्य आहे. पण इथे एक गाठ आहे. ज्या घरात, ज्या बाईच्या हाताखाली आई होती, तिथेच मुलगी वाढली. एकाच हाताची सवय आईकडून जनुकांतून आली की त्या गोठ्यातून, हे आई-मुलीच्या एका जोडीवरून कुणालाही सांगता येणार नाही. ते सोडवायचं तर एका रेड्याच्या वीस-तीस मुली वेगवेगळ्या गोठ्यांत, वेगवेगळ्या हातांखाली असाव्या लागतात. सगळीकडे त्या शांत निघाल्या तर ते बापाचं देणं.

असं मोजमाप गाईंमध्ये पुष्कळ झालं आहे. कळपातल्या जनावरांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला किती भाग पुढच्या पिढीत उतरतो, याला आनुवंशिकतेचा वाटा म्हणतात. धारेच्या वेळच्या स्वभावासाठी आणि माणसाला बुजण्यासाठी तो बहुतेक अभ्यासांत ०.१ ते ०.४ च्या दरम्यान निघतो. हा आकडा नीट वाचायला हवा. ०.२ म्हणजे चंद्रीच्या लाथेतला पाचवा हिस्सा रक्ताचा आणि बाकी गोठ्याचा, असं नाही. एका जनावराच्या एका लाथेची अशी वाटणी होतच नाही; तो आकडा सगळ्या कळपातल्या फरकांबद्दल बोलतो. पण त्यातून दोन गोष्टी नक्की निघतात: निवड केली तर पिढ्यांगणिक स्वभाव बदलतो, आणि आज समोर उभ्या असलेल्या जनावराच्या वागण्यात गोठ्याचा हात मोठा असतो.

पहिल्या गोष्टीचं सर्वांत ठसठशीत उदाहरण सायबेरियातलं. नोवोसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. निकष एकच: माणसाला कमी घाबरणारे कोल्हे पुढच्या पिढीचे आईबाप. काही पिढ्यांतच शेपूट हलवत माणसाचा हात चाटणारी पिल्लं जन्मू लागली.

आम्ही काय केलं

चंद्रीला दलालाकडे पाठवण्याआधी तीन आठवडे द्या, असं मी मागून घेतलं. अण्णांनी दिले. त्यांची घरची काकी, लहानपणी माहेरी म्हशींची धार काढलेली, स्वतःहून म्हणाल्या, "बाईचा हात हवा असेल तर मी बसते की. त्यात काय एवढं?"

सडाच्या चिरेवर औषध, आणि ती भरेपर्यंत त्या सडाला हलका हात. चंद्रीला मशीनपासून लांब, मधल्या खुंट्यावर हलवलं. गाईगुरांना माणसापेक्षा बरेच उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. मशीनच्या पात्याची किंचाळी आपल्याला जेवढी लागते त्याहून त्यांना जास्त लागत असणार. खाली रबरी चटई टाकली. दोरी बंद. आंबोण धारेच्या आधी समोर. काकींनी कोमट पाण्याने कास धुवायची, दोन मिनिटं नुसती चोळायची, पान्हा आला तरच पिळायचं. सुई एकदम तोडली नाही, आठवडाभरात मात्रा उतरवत बंद केली. ती देणारा माणूस काकी नसावी, एवढं कटाक्षाने पाळलं.

एक गोष्ट मी नाकारली. तबेल्यातल्या एका जुन्या माणसाने मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवायचं सुचवलं. या धंद्यात ते चालतं, आणि कधी त्याने पान्हा येतोही. मला ते करवलं नाही. जी म्हैस आधीच अस्वस्थ आहे तिला फसवून दूध काढायचं, यापेक्षा ती शांत होईल असं काहीतरी करावं, असं माझं मत होतं आणि आहे.

पहिले चार दिवस दूध आणखी घटलं. अण्णांचा चेहरा पडला. पाचव्या दिवशी सुईच्या निम्म्या मात्रेवर तिने तीन-चार मिनिटांनी सड भरले. अठराव्या दिवशी सुईशिवाय साडेनऊ लिटर. लाथा थांबल्या. दलालाकडचे तेरा लिटर मात्र परत आले नाहीत. आणि संतोष बसला की आजही ती शेण टाकते, कान मागे घेते, पान्हा अर्धवट ठेवते. गोठा सुधारल्यावरही जे उरलं ते हे. त्यातलं काही तिचं उपजत असेल, काही त्या पहिल्या पंधरवड्याची आठवण.

हे सगळं चालू असताना मला जास्त अस्वस्थ केलं ते मोगरीने. आम्ही सोय म्हणून सगळ्याच म्हशींची नोंद सुरू केली होती: कासेला हात लावल्यापासून पहिल्या धारेपर्यंतचा वेळ, लाथा, शेण टाकणं. मशीनजवळच्या त्या खुंट्यावर मोगरीचा वेळही लांबच निघाला. ती लाथ मारत नव्हती एवढंच. तिलाही मध्ये हलवल्यावर तो वेळ कमी झाला. म्हणजे त्रास दोघींना होता, दाखवत एकच होती.

शांत म्हशीची निवड करावी का?

करावी, असं माझं मत आहे. माझं गाव कोल्हापूर. गंगावेशीला गवळी म्हशी रस्त्याच्या कडेला आणून उभ्या करतात, गिऱ्हाईक पेला पुढे करतं, धार त्यात पडते. गाड्यांचे भोंगे, दिवे, गर्दी, आणि पंढरपुरी म्हैस रवंथ करत उभी. दिवसातून अनेकदा थोडं थोडं दूध सोडते. मुऱ्हाच्या मानाने तिचं एकूण दूध कमी, पण गवळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या हवी होती ती चारचौघांत पान्हा सोडणारी म्हैस, आणि त्यांनी तीच राखली. कुणी कागदावर काही लिहिलं नाही, तरी ही स्वभावाची निवडच होती. अर्थात पारडी असल्यापासून ती त्या गर्दीत वाढते, हेही विसरून चालणार नाही.

नुसत्या उत्पादनावर निवड केली की काय होतं ते कोंबड्यांनी दाखवलं आहे. पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांतली सर्वांत जास्त अंडी देणारी ही बरेचदा इतरांना टोचून मागे सारणारी असते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी एकेका कोंबडीऐवजी अख्ख्या पिंजऱ्याची कामगिरी बघून निवड केली. १९९६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे: दुसऱ्या पिढीत वर्षाला ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या, चौथ्या पिढीत ८.८ टक्के. चोची न कापता. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात दुधाळ गाईंच्या वळूंचं मूल्यमापन करताना मुलींच्या धारेच्या वेळच्या स्वभावाला शेतकऱ्यांकडून गुण मागवतात. आपल्याकडे कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा निवडताना मला आजवर गोठेवाल्यांनी विचारलं ते दूध आणि फॅट. स्वभाव विचारणारे अण्णा पहिले.

पण मोगरीकडे बघून एक भीती वाटते. शांतपणाची निवड करताना आपण नेमकं काय निवडतो? भीती कमी असलेलं जनावर, की भीती न दाखवणारं? पहिलं जनावराच्या भल्याचं. दुसरं फक्त मालकाच्या सोयीचं. सडाला चीर असताना गप्प उभी राहणारी म्हैस निर्माण झाली तर ती चीर माझ्यासारख्या डॉक्टरला कधी दिसणारच नाही. म्हणून नोंद नुसत्या लाथांची पुरत नाही. पान्ह्याला लागणारा वेळ मोजला पाहिजे, कारण तो म्हशीला दाबून ठेवता येत नाही.

आणि मुंबईत या सगळ्याच्या आड येते ती सुरुवातीला सांगितलेली रीत. शहरातले तबेले हलवण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. त्या काळापासून जाणकार एक तक्रार करत आले आहेत: देशातल्या उत्तम म्हशी मुंबई ओढून घेते आणि त्यांचा वंश इथेच संपतो. अण्णांकडे चाळीस वर्षांत शेकडो म्हशी आल्या. त्यांत मोगरीसारख्या कितीतरी. भाकड होताच त्या गेल्या. राज्यात गोवंशाच्या कत्तलीवर असलेली बंदी म्हशीला लागू नाही, त्यामुळे त्या कुठे गेल्या हे सांगायची गरज नाही. गोंगाटात, परक्या हाताला, रेडकू नसताना पान्हा सोडणाऱ्या म्हशी कोणत्या, याची परीक्षा मुंबईइतकी कठोर कुठेच होत नसेल. आणि त्या परीक्षेत पहिल्या आलेल्यांच्या मुली मागे उरत नाहीत. मोगरीची पारडी जगली, ती आमच्या खटपटीने नव्हे, केवळ मादी होती म्हणून.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "डॉक्टर, ज्याच्या मुली शांत निघाल्या अशा रेड्याची रेतमात्रा कुठे मिळेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूध आणि फॅट बघून एक निवडली.

मोगरी माजावर आली तेव्हा तिला भरवलं. तीन महिन्यांनी तपासली, गाभण होती. आटली की ती पारडीसह जुन्नरला अण्णांच्या भावाच्या गोठ्यात जाणार आहे; भाकड काळाचा चारा दोघा भावांनी वाटून घ्यायचं ठरवलं आहे. चंद्रीलाही भरवायचं का, यावर आमचं एकमत झालं नाही. अण्णा म्हणतात नको. माझं म्हणणं, तिच्या पारडीला पहिल्या दिवसापासून दोन-तीन हातांची सवय लावली आणि ती कशी निघते ते लिहून ठेवलं, तर आई-मुलीची ती गाठ थोडी तरी सुटेल. काकी माझ्या बाजूने आहेत. नोंदवही आता त्याच लिहितात, प्रत्येक म्हशीच्या नावापुढे बिल्ल्याचा नंबर, आणि बापाची माहिती मिळाली तर तीही.